मानेतली शीर, मेंदूतले डाग आणि एक ‘सुटका’

(हा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं आहे त्यांच्यासाठी बोललेलं इथे उतरवून दिलंय. अडखळणं आणि पुन्हापुन्हा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा विषय एका मेलमुळे निघाला. एका श्रोत्यांनी लिहिलंय की त्यांच्या पत्नीला चार वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, झाल्याचं निदान झालं. औषधं चालू आहेत. मध्यंतरी घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कुणीतरी एक जुना व्हिडिओ टाकला. मानेतली शीर बलूनने मोकळी केली आणि व्हीलचेअरवरची बाई चालायला लागली, असा. त्यांचा प्रश्न दोन ओळींचा आहे : “हे खरं आहे का? आणि असेल तर आपल्याकडे कुठे करतात?”

उत्तर एका शब्दात द्यायचं तर ‘नाही’. हे खरं ठरलेलं नाही. पण एका शब्दावर थांबणं मला बरं वाटत नाही, कारण २०१० साली असाच एक व्हिडिओ मी स्वतः माझ्या मामेबहिणीला पाठवला होता. त्यामुळे हा भाग थोडा माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवण्यासाठीसुद्धा आहे.

आधी एमएस म्हणजे काय ते पटकन सांगतो. आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं एक आवरण असतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. एमएसमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या आणि डोळ्याच्या नसेतल्या या आवरणावर हल्ला करते. जिथे हल्ला होतो तिथे डाग पडतो, तो एमआरआयमध्ये दिसतो. डाग कुठे पडला त्यावर त्रास ठरतो. कुणाला एका डोळ्याने अंधुक दिसतं, कुणाचा पाय ओढला जातो, कुणाला नुसता भयानक थकवा. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुपटीहून जास्त दिसतो आणि बहुतेकांना ऐन विशी-तिशीत गाठतो.

आजची गोष्ट समजण्यासाठी एक मुद्दा लक्षात ठेवा. बहुतेकांचा एमएस सुरुवातीला येतो-जातो. अटॅक येतो, काही आठवडे किंवा महिने त्रास होतो, मग पुष्कळसा आपोआप ओसरतो. काहीही केलं नाही तरी ओसरतो. याच्याकडे आपण परत येऊ.

आता इटलीत जाऊ. फेरारा नावाचं एक जुनं गाव आहे, तिथल्या विद्यापीठात डॉ. पाओलो झाम्बोनी हे रक्तवाहिन्यांचे सर्जन. त्यांच्या पत्नीला एमएस झाला. न्यूरॉलॉजी हा त्यांचा प्रांत नव्हता. त्यांचा प्रांत शिरांचा, त्यातही पायाच्या शिरांचा. पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरा, ज्यांना आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो, त्या तुम्ही पाहिल्या असतील. शिक्षक, न्हावी, ट्रॅफिक पोलीस, उभं राहून काम करणाऱ्या कुणाच्याही पायावर दिसतात. तिथे रक्त वर चढत नाही, साचतं. साचलेल्या रक्तातल्या लाल पेशी बाहेर झिरपतात, त्यांतलं लोह त्वचेत उतरतं, त्वचा काळपट पडते, सूज राहते, जखम लवकर भरत नाही. झाम्बोनींनी असा विचार केला की जे घोट्यापाशी होतं तेच मेंदूत होत असेल तर? मेंदूतलं रक्त मानेतल्या जुगुलर शिरांमधून खाली येतं, आणि मज्जारज्जूतलं रक्त पाठीच्या कण्याजवळच्या अझायगस शिरेतून जातं. त्या अरुंद असतील तर रक्त मागे तुंबेल, लोह साचेल, सूज येईल, आणि मग रोगप्रतिकारक यंत्रणा चवताळेल.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. एमएसचे डाग पुष्कळदा एका बारीक शिरेभोवती असतात, हे जर्मन शास्त्रज्ञ रिंडफ्लाइश यांनी १८६३ मध्येच नोंदवून ठेवलंय. विसाव्या शतकात अमेरिकेत ट्रेसी पटनम यांना वाटलं की शिरांमध्ये गुठळ्या होत असतील, म्हणून त्यांनी १९४०च्या दशकात एमएसच्या रुग्णांना रक्त पातळ करणारं औषध देऊन पाहिलं. ते टिकलं नाही. पण शिरेचा संशय जुना आहे, एवढं लक्षात घ्या.

झाम्बोनींनी अल्ट्रासाउंडचे पाच निकष ठरवले. पाचपैकी दोन किंवा जास्त जुळले तर मेंदूकडून येणाऱ्या शिरांचा निचरा बिघडलाय असं म्हणायचं. या अवस्थेला त्यांनी लांबलचक नाव दिलं, त्याचं लघुरूप सीसीएसव्हीआय. २००९ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. एमएसचे ६५ रुग्ण आणि एमएस नसलेले २३५ जण. निकाल काय? ६५ पैकी ६५ जणांत बिघाड, आणि २३५ पैकी एकातही नाही.

मी त्या वेळी हा आकडा वाचून उडालो होतो. शंभर टक्के! आज तोच आकडा वाचला की मला आधी शंका येते. वैद्यकात असं स्वच्छ काळं-पांढरं जवळजवळ कधीच मिळत नाही. साधा मलेरिया घ्या, त्याच्या तपासणीतही काही सुटतात, काही चुकीचे सापडतात. तपासणाऱ्याला समोरचा रुग्ण एमएसचा आहे की नाही हे कळत होतं का, यावर तेव्हाच टीका झाली होती. आम्ही ती वाचली नाही. वाचायची नव्हती म्हणा.

त्याच वर्षाच्या शेवटी दुसरा निबंध आला. ६५ रुग्णांच्या शिरा बलूनने फुगवल्या, आणि अनेकांना बरं वाटलं असं त्यात होतं. तुलनेला दुसरा गट नव्हता. सगळ्यांना माहीत होतं की आपल्यावर उपचार झालाय. आणि जुगुलर शिरा जवळपास निम्म्या रुग्णांत पुन्हा अरुंद झाल्या, हेही त्याच निबंधात लिहिलेलं होतं.

या प्रक्रियेला नाव पडलं ‘लिबरेशन’. सुटका. नावातच काम झालं हो! आजार आहे, त्यातून सुटका आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये कॅनडाच्या टीव्हीवर यावर मोठा कार्यक्रम झाला. कॅनडा हा जगात एमएसचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या देशांपैकी एक. तिथे अक्षरशः वणवा पेटला. फेसबुकवर गट निघाले, संसदेत प्रश्न आले, सस्कॅचवान प्रांताच्या मुख्यमंत्र्यांनी अभ्यासासाठी पन्नास लाख डॉलर जाहीर केले. डॉक्टर म्हणत होते, थांबा, आधी तपासून बघू. रुग्ण म्हणत होते, तुम्ही औषध कंपन्यांचे मिंधे आहात, आमच्याकडे थांबायला वेळ नाही. आणि कॅनडात कुणी करत नाही म्हटल्यावर लोक विमानात बसले. पोलंड, कोस्टा रिका, मेक्सिको... आणि भारत. हो, आपल्याकडच्या काही खाजगी रुग्णालयांनीही हे ‘पॅकेज’ विकलं.

आता माझी बाजू. माझी मामेबहीण, मी तिला ताई म्हणतो, साताऱ्याकडे शाळेत शिकवायची. २००८ मध्ये निदान झालं. एक दिवसाआड इंटरफेरॉनचं इंजेक्शन, आणि टोचलं की रात्री ताप, अंग ठणकणं. खर्च तर विचारू नका. मी पुण्यात, हातात इंटरनेट, घरातला ‘शिकलेला’. मी तो व्हिडिओ पाहिला आणि तिला पाठवला. नुसता पाठवला नाही, फोन करून समजावलं. “ताई, अगं ब्लॉकेज आहे. ब्लॉकेज काढलं की झालं!”

मला आता वाटतं, तो एक शब्दच आम्हाला पुरला. ‘ब्लॉकेज’. आपल्याकडे प्रत्येक घरात कुणाची ना कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असते. मामांची स्वतःची झाली होती, चौथ्या दिवशी ते घरी चहा पीत बसले होते. रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच आवरणावर हल्ला करते हे मामींना समजावताना माझी जीभ अडखळायची. मोरी तुंबली होती ती साफ केली, हे लगेच समजतं. एफडी मोडली, थोडे पैसे मी दिले, आणि २०११ च्या सुरुवातीला दुसऱ्या राज्यातल्या एका खाजगी रुग्णालयात तिच्या मानेतल्या दोन शिरा बलूनने फुगवल्या. रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही.

आणि तिला बरं वाटलं. हे मी प्रामाणिकपणे सांगायलाच हवं. पाय गरम वाटायला लागले म्हणाली, डोकं हलकं झालं म्हणाली. जिना चढली. आम्ही पेढे वाटले. इंजेक्शनं तिने बंद केली. तिथल्या कुणी तसं लेखी सांगितलं नव्हतं, पण ‘आता बघा गरज पडते का’ असं म्हटलं होतं, आणि आम्हाला तेवढंच ऐकायचं होतं. साधारण तीन महिन्यांनी अटॅक आला, आधीच्यापेक्षा मोठा. डावा पाय पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही.

आता इंजेक्शनं चालू असती तर तो अटॅक आलाच नसता, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. एका माणसाच्या बाबतीत ते कुणालाच सांगता येत नाही. पण तिला औषधाशिवाय ठेवण्यात माझा हात होता, एवढं नक्की.

आमचं घरात हे चाललेलं असताना बाहेर विज्ञानात काय चाललं होतं? तर तेच, जे व्हायला हवं होतं. लोक तपासत होते.

जर्मनीत २०१० मध्ये एका गटाने तेच निकष लावून ५६ रुग्ण तपासले. एकातही दोन निकष जुळले नाहीत. अमेरिकेत बफेलोमध्ये मोठा अभ्यास झाला, तिथे एमएसच्या ५६ टक्के रुग्णांत बिघाड दिसला, पण निरोगी माणसांतही तो जवळपास २३ टक्क्यांत होता, आणि मेंदूचे दुसरे आजार असलेल्यांत ४२ टक्क्यांत. मग इटलीतच एक फार मोठा अभ्यास झाला, तपासण्यांचं वाचन मध्यवर्ती तज्ज्ञांनी केलं, रुग्ण कोण आणि निरोगी कोण हे त्यांना न सांगता. तिथे एमएसच्या रुग्णांत सव्वातीन टक्के, निरोगी माणसांत दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एकाच आजारात, एकाच तपासणीने, कुठे १०० टक्के, कुठे ५६, कुठे ३, कुठे शून्य. आजार इतका बदलत नसतो. तपासणी डळमळीत आहे असा त्याचा अर्थ.

का डळमळीत? मानेतली शीर म्हणजे धमनीसारखी ताठ नळी नाही. ती मऊ पिशवीसारखी असते. तुम्ही आडवे पडलात की ती भरते, उठून बसलात की चपटी होते आणि रक्त कण्याजवळच्या दुसऱ्या शिरांतून खाली जातं. श्वास घेतला की तिचा आकार बदलतो. पाणी कमी प्यायलात तर बदलतो. तपासणाऱ्याने यंत्राचा दांडा जरा जोरात दाबला तरी ती ‘अरुंद’ दिसते. अशा शिरेत बिघाड शोधायचा असं मनात धरून बसलात तर तो सापडेलच.

मग २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कॅनडाचा अभ्यास आला. माझ्या मते गोष्ट खरी तिथेच संपली. त्यांनी नुसता अल्ट्रासाउंड नाही केला, शिरेत नळी घालून, डाय सोडून प्रत्यक्ष बघितलं. एमएसचे रुग्ण, त्यांची सख्खी भावंडं आणि नात्यात नसलेले निरोगी लोक. ५० टक्क्यांहून जास्त अरुंद झालेली शीर रुग्णांत ७४ टक्के लोकांत सापडली. ऐकून वाटेल, बघा, सापडली! पण भावंडांत ६६ टक्के, आणि परक्या निरोगी माणसांत ७० टक्के. म्हणजे अशी शीर असणं ही बहुतेक माणसांची साधी ठेवण आहे. तुमच्या-माझ्या मानेतही असेल. ताईला दाखवलेली ती फिल्म खोटी नव्हती. शीर खरंच अरुंद होती. पण माझी फिल्म काढली असती तरी कदाचित तशीच दिसली असती.

तरीही एक प्रश्न उरतो. कारण काहीही असो, फुगवल्यावर लोकांना बरं वाटत होतं ना? मग त्याचीही परीक्षा झाली. कॅनडात चार शहरांत १०४ रुग्ण घेतले. सगळ्यांना टेबलावर घेतलं, सगळ्यांच्या शिरेत नळी घातली, पण साधारण निम्म्या लोकांतच बलून फुगवला. कुणाला काय झालं हे रुग्णाला माहीत नाही, नंतर तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. २०१७ मध्ये निकाल जाहीर झाला : दोन्ही गटांत फरक नाही. ज्यांचा बलून फुगवलाच नव्हता त्यांनाही तेवढंच बरं वाटलं होतं.

आणि त्याच वर्षी इटलीतल्या अशाच परीक्षेचा निकाल आला. ११५ रुग्ण. बलूनवाल्या गटात सुमारे ४२ टक्के सुधारले, खोटी प्रक्रिया झालेल्या गटात सुमारे ४९ टक्के. हा उपचार एमएसच्या रुग्णांना सुचवू नये, असा निष्कर्ष निघाला. आणि त्या अभ्यासाचे प्रमुख कोण? डॉ. झाम्बोनी. ज्यांनी कल्पना मांडली, त्यांनीच ती कडक परीक्षेला लावली आणि उलटा निकाल स्वतःच्या नावाने छापला. त्यांच्यावर खूप टीका झाली, मीही मनातल्या मनात केली आहे. पण हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

दरम्यान माणसं गेली. ऑक्टोबर २०१० मध्ये कॅनडातला एक तरुण कोस्टा रिकात स्टेंट बसवून आल्यावर शिरेत गुठळी होऊन वारला. अमेरिकेत एका रुग्णाचा स्टेंट सुटून हृदयात गेला, छाती उघडावी लागली. इथे एक गोष्ट समजून घ्या. धमनी हृदयापासून लांब जाताना अरुंद होत जाते, त्यामुळे स्टेंट सरकला तरी पुढे अडकतो. शीर हृदयाकडे जाताना रुंद होत जाते. स्टेंट सुटला तर पुढे त्याला अडवायला काही नाही. झाम्बोनींनी स्वतः फक्त बलून वापरला होता, स्टेंट नाही. ती बातमी व्हिडिओसोबत पोचली नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या प्रक्रियेच्या धोक्यांबद्दल जाहीर इशारा दिला.

मग शिरेचा एमएसशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो गमतीशीर आहे. डागाच्या मधोमध शीर असणं ही खूण आता एमआरआयवर बघतात, आणि निदानाच्या अलीकडच्या, २०२४ च्या सुधारित निकषांत तिला जागा मिळाली आहे. पण तिथे शीर तुंबलेली नसते. तिथून रोगप्रतिकारक पेशी मेंदूत शिरतात, म्हणून डाग तिच्याभोवती पडतो. रिंडफ्लाइश यांनी बघितलं ते बरोबर होतं, त्याचा अर्थ वेगळा निघाला. आणि कारणाच्या शोधात आज सर्वांत भक्कम धागा आहे तो एका साध्या विषाणूचा, एप्स्टाइन-बार. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०२२ मध्ये आला. या विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढलेला दिसला. हा विषाणू जवळजवळ सगळ्यांना होतो आणि एमएस फार थोड्यांना, त्यामुळे गोष्ट इथेही संपत नाही. पण तिची परीक्षा चालू आहे.

तर, मेल पाठवणाऱ्या दादा, तुम्ही पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला तर काय बघाल? तुलनेला दुसरा गट होता का. कुणाला खरा उपचार मिळाला हे लपवलं होतं का. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या डॉक्टरांनी केल्यावर तेच निघालं का. ‘अभ्यास’ म्हणून रुग्णाकडूनच लाखो रुपये घेत असतील तर तिथून निघा. आपल्या देशात चाललेल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत कुणालाही बघता येतात. आणि चालू औषध बंद करायला कुणी नुसतं सुचवलं, तरी आधी तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन करा. २०१० पेक्षा आज औषधं जास्त आहेत, गोळ्या आहेत, काहींच्या स्वस्त जेनेरिक आवृत्त्याही आपल्याकडे मिळतात. एकटं वाटत असेल तर मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे, मुंबई-पुण्यात तिचं काम चालतं.

शेवटी ताईबद्दल. ती आता गोळीवर आहे, काठी घेऊन चालते, घरी शिकवण्या घेते. हा भाग करायच्या आधी मी तिला विचारलं, सांगू का तुझी गोष्ट? म्हणाली, सांग. मग मी २०१७ चे निकाल तिला पुन्हा एकदा समजावले, न फुगवलेल्यांनाही तेवढंच बरं वाटलं वगैरे. ती ऐकत होती. मग म्हणाली, “ते सगळं खरं असेल रे. पण त्या महिन्यांत मी जिना चढले होते, ते खोटं होतं असं मला सांगू नकोस.”

ते खोटं नव्हतंच. ती चढली होती, मी खाली उभा राहून बघितलंय. एमएस आपोआप ओसरतो तेव्हा माणूस जिना चढतो. आशा असते तेव्हाही दोन पायऱ्या जास्त चढतो. फक्त ते बलूनमुळे नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या करायला जगाला आठ वर्षं लागली आणि माझ्या ताईला एक पाय द्यावा लागला.

म्हणून दादा, व्हिडिओ पाठवणाऱ्यावर रागावू नका. तो मीच असतो. त्याला हा भाग पाठवा.

पुढच्या वेळी भेटू. काळजी घ्या.